मागची गाडी

“मागची गाडी मोकळी येतेय.” हे वाक्य मी मुंबईतल्या बसच्या नोकरीत किती वेळा बोललो असेन त्याची गणती नाही. आधी कंडक्टर म्हणून दरवाजात उभं राहून, आता स्टार्टर म्हणून चौकीच्या खिडकीतून. निम्म्या वेळा मागची गाडी कुठे आहे हे मलाच माहीत नसतं. पण वाक्य कामाचं आहे. त्यानं लटकलेली माणसं खाली उतरतात आणि गाडी हलते.

२०२३ च्या गणपतीनंतरच्या एका सोमवारी मी ते फोनवर बोललो. त्याचीच ही हकिगत. लाइनचा नंबर मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

माझी चौकी मुलुंड चेकनाक्याच्या बाजूला. लाइन एलबीएस मार्गानं सायनपर्यंत. लोकांना स्टार्टर म्हणजे शिट्टी आणि वही एवढंच माहीत. खरं काम गाड्यांमधलं अंतर सांभाळायचं. गाडी वेळेवर आहे की नाही याचं प्रवाशाला काही पडलेलं नसतं, त्याला फक्त मागची किती वेळात येते ते हवं असतं. दहा-दहा मिनिटांनी येणाऱ्या गाड्यांपैकी एक पाच मिनिटं लेट झाली की पुढच्या स्टॉपवर तिच्यासाठी दीडपट माणसं साचतात. ती चढेपर्यंत गाडी आणखी लेट. तिच्या मागचीला मात्र स्टॉप रिकामे मिळतात, ती सुसाट येते आणि हिच्या पाठीला चिकटते. तासाभरात तीन गाड्या एका माळेत, पहिलीत घुसमट, तिसरीत कंडक्टर एकटा. मग प्रवासी म्हणतात, “हे लोक मुद्दाम एकत्र सोडतात.” कुणीही मुद्दाम सोडत नाही. गाड्या आपोआप जुळतात, सोडवाव्या लागतात.

सोडवायचा उपाय एकच, गाडी शॉर्ट करणं. म्हणजे शेवटच्या स्टॉपपर्यंत न आणता मधूनच फिरवून उलट्या दिशेला पाठवायची. आतल्यांना उतरवायचं, तिकीट मागच्या गाडीत चालतं.

आता पत्र्यांविषयी, म्हणजे मेट्रोच्या कामाभोवती रस्त्यात उभ्या केलेल्या आडोशाविषयी. मेट्रो चारची लाइन वडाळ्याहून कासारवडवलीला जाणार, त्यातला श्रेयस सिनेमापासून मुलुंड नाक्यापर्यंतचा मोठा पट्टा आमच्या रस्त्याच्या मधोमध. रस्त्याच्या पोटात खांब, खांबाच्या दोन्ही अंगांना पत्रे. भांडुपमध्ये रस्ता मुळातच अरुंद, त्यात दुतर्फा दुकानं, टेम्पो, हातगाड्या. पत्रे लागल्यावर एका बाजूला जेमतेम दीड गाडी मावते, आणि त्या अर्ध्यात नेमका कुणीतरी स्कूटर लावून वडापाव आणायला गेलेला असतो. स्टॉपचे खांब तर इतक्या वेळा हलवले की जुने प्रवासीसुद्धा चुकीच्या ठिकाणी हात करतात. सगळ्यात वाईट म्हणजे पत्र्यांनी दुभाजकातली वळणं बंद केली. आधी मी पाच-सहा ठिकाणी गाडी शॉर्ट करू शकायचो. आता मुलुंडच्या अलीकडे मोठी गाडी धड वळते ती गांधीनगरला, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या पुलाखाली. तिथेही मेट्रो सहाचं काम येऊन भेटतंय.

हिशोब साधा आहे. कागदावर मुलुंड ते सायन सत्तर मिनिटं, येऊन-जाऊन एकशे चाळीस. लाइनवर चौदा गाड्या, म्हणून दहा मिनिटांना एक. पत्रे लागल्यावर तेच अंतर गर्दीच्या वेळी एकशेपाच मिनिटांवर गेलं. येऊन-जाऊन दोनशे दहा. गाड्या त्याच चौदा. म्हणजे सगळं अगदी सुरळीत चाललं तरी पंधरा मिनिटांना एक, आणि सुरळीत काय चालणार? रनिंग टाइम बदला म्हणून मी दोनदा लिहून दिलं. उत्तर आलं, काम तात्पुरतं आहे. रस्त्यावर पत्रे पाच पावसाळे राहिले तरी कागदावरची सत्तर मिनिटं सत्तरच. त्यामुळे रोज प्रत्येक ड्रायव्हर लेट, आणि लेट का याचं उत्तरही रोज त्यानंच द्यायचं.

माझे आजोबा ट्रामवर होते. ट्राम बंद झाली ३१ मार्च १९६४ ला, शेवटची गाडी बोरीबंदर ते दादर. आजोबांना नंतर बसच्या खात्यात घेतलं. ते सांगायचे, ट्रामचा मोठा दोष म्हणजे तिला बगल देता येत नाही. रुळावर कापडाच्या गाठींची एक हातगाडी उलटली की मागे ट्रामची रांग, आणि सगळे मोटरमन घंटा बडवतायत. ट्राम रस्ता अडवते असं सगळे म्हणायला लागले आणि बस आली, कारण बस वळू शकते. दादर टी.टी. मधला टी म्हणजे ट्राम हे आता किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक. आज माझी बस दोन पत्र्यांच्या मध्ये रुळावर असल्यासारखी चालते आणि डोक्यावर रुळांसाठी खांब उभे राहतायत. आजोबा असते तर हसले असते. असो.

त्या सोमवारी पहिल्या पाळीला पावणेपाचला चौकी उघडली. भांडुपमध्ये रात्री गर्डर चढवायचं काम होतं, रस्ता पहाटे मोकळा होणार होता. साडेपाचला पहिल्या ड्रायव्हरचा फोन, “साहेब, ट्रेलर बसलाय.” बसलाय म्हणजे रिकामा ट्रेलर परत निघताना त्याची मागची चाकं एका चरात रुतली होती. चर पाण्याच्या पाइपसाठी खणलेला, वरवर माती लोटून डांबर फासलेला. तो कुणी खणला आणि कुणी बुजवला यावर तिथे दोन कंत्राटदारांची माणसं भांडत होती म्हणे. क्रेन होती, पण तिचा ऑपरेटर पाळी संपवून घरी गेला होता. मुलुंडकडे येणारी बाजू पूर्ण बंद. वाहतूक पोलीस एकाच बाजूनं दोन्हीकडच्या गाड्या आळीपाळीनं सोडत होते. पोलिसांना लोक शिव्या देतात, पण त्या दिवशी तो एकटा शिपाई नसता तर संध्याकाळपर्यंत कुणी हललं नसतं. ज्यांचं काम होतं त्यांच्या बाजूनं हिरवं जाकीट घातलेली दोन पोरं होती, हातात झेंडी. एकाला झेंडी कुठल्या बाजूला हलवायची हेही कुणी सांगितलं नव्हतं.

पावणेआठला माझ्याकडे चित्र असं. सायनहून निघालेल्या दोन गाड्या भांडुपमध्ये अडकलेल्या. विक्रोळीपासून गांधीनगरपर्यंत तीन गाड्यांची माळ. चौथी पंधरा मिनिटं मागे. सायनला एकही गाडी नाही, तिथला स्टार्टर दर पाच मिनिटांनी फोन करतोय, कुर्ल्याच्या स्टॉपवर लोक रस्त्यावर आलेत. या तिन्ही गाड्या पुढे आणल्या तर त्या भांडुपात जाऊन बसणार आणि मग दुपारपर्यंत पूर्ण लाइन मेलेली. मी तिन्ही गांधीनगरला शॉर्ट करायचं ठरवलं. आतली माणसं चौथीत बसतील, चौथी हळूहळू का होईना मुलुंडला येईल.

आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन, हिशोब बरोबर होता.

पहिल्या गाडीचा ड्रायव्हर कंत्राटी, चोवीस-पंचवीसचा. त्यानं त्याच्या मालकाच्या माणसाला फोन लावला आणि तो माणूस माझ्यावर उखडला, “साहेब, गाडी शॉर्ट केली तर आमचे किलोमीटर जातात, पैसे किलोमीटरवर मिळतात.” मी त्याला म्हटलं, भांडुपमध्ये उभ्या गाडीचे किलोमीटर कसे मोजता ते शिकवा मला. या वाक्याचं मला त्या वेळी फार कौतुक वाटलं. आजूबाजूला दोघं हसलेही. त्याच तोऱ्यात मी दुसऱ्या गाडीचा फोन घेतला. हा कंडक्टर आमचा जुना, शांत माणूस.

तो म्हणाला, “साहेब, गाडीत पेशंट आहे. मुलुंडला जायचंय.”

मी म्हटलं, “सगळ्यांना मागच्या गाडीत बसव. मोकळी येतेय.”

तो एक क्षण थांबला. मग “बरं साहेब” म्हणाला आणि फोन ठेवला.

मागची गाडी मोकळी नव्हती, ती खच्चून भरली होती आणि मला ते माहीत होतं. ती सूर्यनगरला गरम होऊन बंद पडेल हे मात्र माहीत नव्हतं. रांगेत तासभर पहिल्या गिअरमध्ये रखडलेली गाडी, रेडिएटरनं दम सोडला. मला कळलं आठ वाजून वीस मिनिटांनी. तोपर्यंत तिन्ही गाड्या वळून घाटकोपरच्या दिशेनं गेल्या होत्या. त्यांच्या नंतरची गाडी चाळीस मिनिटं मागे. गांधीनगरच्या पुलाखाली तीन गाड्यांची माणसं उभी, आणि त्यांना “मागची गाडी येतेय” सांगणाराही आता तिथे कुणी नव्हता.

बाकीचं झरझर सांगतो. ट्रेलर साडेनऊला निघाला. मी शॉर्ट केलेल्या गाड्यांमुळे सायन-घाटकोपर पट्टा तोपर्यंत सुधारला होता, तिथे बारा मिनिटांना गाडी मिळायला लागली होती. अकरापर्यंत पूर्ण लाइन रुळावर. साहेबांचा फोन आला, “चांगलं हँडल केलंत.” असा फोन वर्षातून एकदा येतो. शीटवर तिन्ही फेऱ्यांपुढे मी लिहिलं: शॉर्ट, गांधीनगर, कारण वाहतूक कोंडी. कारणाच्या रकान्यात “चर” असं लिहायची सोय नाही. वाहतूक, बिघाड, कर्मचारी नाही, यातलं एक निवडायचं. कोंडी कुणी केली हे विचारणारा रकाना नाही, त्यामुळे महिन्याच्या अहवालात मुंबईत कोंडी पावसासारखी आभाळातून पडते.

गुरुवारी मावशी आल्या.

या मावशींना मी दोन वर्षं ओळखतो. श्रेयसच्या स्टॉपवर चढतात, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिसला मुलुंडला येतात. रेल्वेचे जिने चढवत नाहीत म्हणून बस. डाव्या हाताची शीर डायलिसिससाठी जोडून घेतलेली आहे, त्या हाताला धक्का लागून चालत नाही, म्हणून गर्दीत तो हात पदराखाली पोटाशी धरून बसतात. आल्यावर माझ्या चौकीच्या बाकावर दहा मिनिटं टेकतात. स्टीलची इवलीशी बाटली. दिवसभरात किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी बांधून दिलंय, त्यामुळे प्रत्येक घोट मोजून घेतात. एकदा माझ्या पोरानं त्यांना माठातलं गार पाणी दिलं, तर म्हणाल्या, “बाळा, आजचा कोटा संपला.”

त्या सोमवारी दुसऱ्या गाडीत त्याच होत्या. कंडक्टरनं पेशंट म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कुणीच आलं नाही. “मुलुंडच्या मावशी आहेत” म्हणाला असता तर? मी काय केलं असतं? एका बाईसाठी गाडी भांडुपात घातली असती, आणि कुर्ल्याला उभ्या असलेल्या शे-दोनशे माणसांमध्ये कुणी पेशंट नव्हतं असं थोडंच आहे. का मग तेवढी एकच गाडी सोडून बाकीच्या दोन फिरवल्या असत्या? हे करता आलं असतं. हे मला त्या रात्री घरी जेवताना सुचलं. दोन वळवल्या, एक आत सोडली, तरी सायनचा पट्टा सुधारला असता, पाचएक मिनिटांचा फरक पडला असता. फोनवर मला ते सुचलं नाही, कारण मी त्या किलोमीटरवाल्याला टोला हाणून खुशीत होतो.

मावशींनी पुलाखाली पाऊण तास वाट बघितली. ऑक्टोबरचं ऊन, उकाडा, घशाला कोरड, आणि पाणी प्यायचं नाही. शेवटी तिघांनी मिळून रिक्षा केली, रिक्षावाल्यानं हायवेवरून वळसा घालून नेलं. पोहोचल्या तेव्हा साडेआठचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं. तिथल्यांनाही दोष देता येत नाही, मशीन रिकामं ठेवून कसं चालेल. दुपारच्या पाळीत कुणी आलं नाही तर लावू म्हणाले. लागलं चार वाजता. घरी पोहोचायला रात्रीचे साडेनऊ.

हे सगळं त्यांनी बाकावर बसून सांगितलं. मग विचारलं, “ती गाडी तुम्हीच फिरवलीत ना?”

“हो, मावशी.”

“मास्तर म्हणाले, मागच्या गाडीत बसा.” बाटलीचं झाकण लावत त्या म्हणाल्या, “मागची म्हणजे किती मागची, ते तुम्ही लोक कधीच सांगत नाही.”

आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याला पाव किलो म्हणजे किती जुड्या विचारावं तसं विचारलं. रागावल्या असत्या तर मी ट्रेलर सांगितला असता, चर सांगितला असता, चौदा गाड्यांचा हिशोब सांगितला असता. सगळं तयार होतं. मी फक्त म्हटलं, “त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं.”

“मग तसं सांगायचं,” त्या म्हणाल्या. “लगेच रिक्षा केली असती.”

त्या कंडक्टरशी मी अजून हा विषय काढलेला नाही. त्यानंही काढलेला नाही. समोर आला की वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, पुढे करतो आणि दुसरीकडे बघतो. की मला तसं वाटतं.

आता मावशी सकाळी पाच-पन्नासच्या गाडीनं येतात. मशीन साडेआठचंच आहे. सातच्या आधी चौकीत येतात आणि दीड तास बाकावर बसून राहतात. मी त्यांच्यासाठी पंख्याचं तोंड तिकडे वळवून ठेवतो. मधूनच कुणीतरी खिडकीत येऊन विचारतं, “साहेब, सायनची कधी?” मी मोबाइलवर गाडी कुठे आहे ते बघतो आणि मग सांगतो. त्याला वेळ लागतो. लोक वैतागतात.