सलाईनच्या बुचातली सुई

आठ खाटांचा अतिदक्षता विभाग, आणि नऊ दिवसांत चार रुग्णांच्या रक्तात बर्कहोल्डेरिया सेपेशिया. हा जंतू माणसाच्या आतड्यात किंवा कातडीवर सहसा मुक्कामाला नसतो. तो पाण्यातला. नळात, सलाईनमध्ये, इतकंच काय, पातळ केलेल्या जंतुनाशकातही तो तग धरतो. एकाच विभागात चौघांच्या रक्तात तो निघाला, की पहिला संशय आपल्याच हातातल्या कुठल्यातरी द्रवावर घ्यायचा असतो.

चौघांपैकी दोघांना जंतूचं नाव कळण्याआधीच कोलिस्टिन हे मूत्रपिंडांना जड जाणारं प्रतिजैविक सुरू झालं होतं. प्रयोगशाळेतून फोन गेला तो एवढाच, की रक्ताच्या बाटलीत ग्रॅम निगेटिव्ह दंडाणू (जंतूंचा एक मोठा गट, नेमकं नाव नाही) दिसतायत. मेरोपेनेम हे प्रतिजैविक चालूच होतं, ताप उतरत नव्हता, म्हणून वर कोलिस्टिन. बर्कहोल्डेरिया कोलिस्टिनला जन्मतःच दाद देत नाही. जेंटामायसिन, अमिकासिन या प्रतिजैविकांनाही सहसा नाही. त्यामुळे जंतूला धक्का लागला नाही आणि मूत्रपिंडांवर भार मात्र पुरेपूर पडला. नाव कळल्यावर एकाचं कोलिस्टिन त्याच दिवशी थांबलं. दुसऱ्याचं आणखी दोन दिवस चाललं, कारण ‘सुरू केलंय तर कोर्स पूर्ण करू’. हे वाक्य मी फार ऐकते आणि दर वेळी मला तितकाच राग येतो. आपल्या जंतूवर जे औषध चालतच नाही, त्याचा कोर्स कसला पूर्ण करायचा?

रक्ताच्या नमुन्यांनीच दिशा दाखवली. इथल्या सिस्टर नमुने नीट घेतात. एक जोडी सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घालून ठेवलेली औषधांची नळी), एक हाताच्या शिरेतून, दोन्ही एकाच वेळी, बाटलीत ८ ते १० मिली रक्त आणि लेबलवर वेळ. पुष्कळ वॉर्डांतून ३ मिली येतं आणि मग ‘कल्चर निगेटिव्ह’ म्हणून सगळे निश्चिंत होतात. इथे चारपैकी तिघांच्या लाइनच्या बाटल्या शिरेच्या बाटल्यांपेक्षा दोन तासांहून अधिक आधी वाजल्या, म्हणजे जंतू वाढल्याचा इशारा यंत्राने त्यांच्यासाठी आधी दिला. एवढा फरक असला की बोट लाइनकडेच जातं.

त्या दिवशी अकरा वाजता नेमकं हात धुण्याचं प्रशिक्षण लागलं होतं. हजेरीचा कागद, हात कधी धुवायचे त्या पाच क्षणांचं पोस्टर, शेवटी दहा गुणांची चाचणी. हे सगळं सगळ्यांना पाठ आहे. वर्ग रद्द केला आणि दोन तास औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी राहिले.

ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ५०० मिली सलाईनची बाटली होती. तिच्या रबरी बुचात १८ नंबरची सुई खोचलेली, सुईचं तोंड उघडं. कोणतंही इंजेक्शन देण्याआधी आणि दिल्यावर लाइन फ्लश करायची, म्हणजे सलाईन सोडून धुवायची, त्यासाठी सिस्टर नवी कोरी १० मिलीची सिरिंज फोडायच्या, त्या सुईला लावायच्या, सलाईन ओढायच्या. सिरिंज दर वेळी नवी, हात बहुतेक वेळा चोळलेले, लाइनचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने पुसलेलं. तपासणीच्या यादीवर प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण झाली असती. बाटलीवर तारीख होती, आदल्या दिवशीची.

साध्या सलाईनमध्ये जंतू रोखणारं काहीही नसतं. उघडी सुई राहिली की दर ओढीला बाहेरची हवा आत जाते, सुईच्या तोंडाला बोटं लागतात, ट्रॉली पुसताना फडका लागतो. एक थेंब दूषित झाला की खोलीच्या तापमानात जंतू वाढत राहतात. शिवाय बाटली आठही खाटांची. त्यानंतर सिरिंज कितीही नवी असली तरी उपयोग काय?

ती बाटली सुईसकट पिशवीत घालून प्रयोगशाळेत पाठवली. मग तशीच दुसरी बाटली घेऊन सुईच्या तोंडाला अतिनील दिव्यात चमकणारा लोशनचा ठिपका लावला आणि चार सिस्टरना नेहमीसारखे फ्लश भरायला सांगितले, सरावाच्या लाइनवर. खोलीतले दिवे बंद करून अतिनील टॉर्च मारला. सिरिंजच्या टोकावर निळसर कडी, थ्री-वेच्या (लाइनला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीच्या) कानांवर ठिपके, एकीच्या अंगठ्यावर, आणि मॉनिटरच्या बटणावर. कुणी काही बोललं नाही. हाताच्या सहा पायऱ्या दाखवणाऱ्या कुठल्याही वर्गात मी अशी शांतता अनुभवलेली नाही.

मग एक सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, सलाईनचे अँप्यूल दुपारीच संपतात. रात्री आम्ही काय वापरायचं?”

हिशेब तिथेच मांडला. सहा रुग्णांना सेंट्रल लाइन, प्रत्येकाला दिवसातून चार वेळा औषध, आधी एक फ्लश आणि नंतर एक. झाले ४८. स्टोअरमधून रोज १० मिलीचे ३० अँप्यूल, म्हणजे छोट्या बंद कुप्या, येत होते. उरलेले १८ फ्लश त्या बाटलीतूनच निघणार होते; ज्या पाळीला अँप्यूल नाहीत, तिला दुसरा मार्गच नव्हता. आणि ह्याच सिस्टरना आम्ही वर्षभर ‘जागरूकता वाढवा’ म्हणून पुन्हा पुन्हा वर्गात बसवत होतो.

त्याच संध्याकाळी रोजची मागणी ६० केली. स्टोअरने खर्चाचं कारण पुढे केलं. तेव्हा एका लाइनच्या संसर्गापायी जाणाऱ्या औषधांचं बिल समोर ठेवलं. नियम दोनच लावले: एक अँप्यूल एका रुग्णाला एकदाच, उरलेलं फेकायचं; आणि कुठल्याही बाटलीच्या किंवा व्हायलच्या बुचात सुई दिसली तर तो द्रव तिथल्या तिथे टाकून द्यायचा, मग तो कितीही भरलेला असो. त्याचबरोबर लाइनचं तोंड पुसण्याचा सराव घड्याळ लावून घेतला. १५ सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. स्पिरिट वाळायच्या आत सिरिंज जोडणं ही सगळ्यांत जास्त वेळा दिसणारी चूक, आणि ती घाईतून होते, अज्ञानातून नाही.

दोन दिवसांनी बाटलीतून बर्कहोल्डेरिया वाढला, औषधांना दाद देण्याची पद्धतही रुग्णांच्या जंतूसारखीच. जनुकीय तुलना झाली नाही, त्यामुळे ‘सिद्ध झालं’ असं मी लिहिणार नाही. पण लाइन बदलून, को-ट्रायमोक्साझोल हे या जंतूवर चालणारं औषध देऊन चौघांचं रक्त स्वच्छ झालं आणि पाचवा रुग्ण आला नाही.

तिसऱ्या खाटेवरच्या रुग्णाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढणारा आकडा) कोलिस्टिनच्या सहाव्या दिवशी १.१ वरून २.६ वर गेलं होतं. त्यांच्या केसपेपरवर कारण म्हणून ‘सेप्सिस’ लिहिलंय. तिथे ‘सेंट्रल लाइनचा संसर्ग, संशयित स्रोत सलाईनची सामायिक बाटली’ अशी नोंद करावी आणि घरच्यांना ते समजावून सांगावं, असं मी लेखी कळवलं आहे. त्या कागदावर अजून कुणाची सही झालेली नाही.