एमजीबी अपडेट: दिवे घाटातले आचके सापडले

मंडळी, सापडलं! गावात माझी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) गुळगुळीत आणि दिवे घाटात अर्ध्यावर आचके, या त्रासात तीन रविवार गेले. तिच्या बी-सिरीज इंजिनात एसयू कंपनीचे दोन्ही कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वरच बसतात, म्हणून मी व्हेपर लॉकच (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) धरून बसलो होतो. हीट शील्ड लावली, पेट्रोलच्या नळीला हीट रॅप गुंडाळला. काडीचा फरक नाही.

परवा आतेभावाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ पुढे आणि माझी १९६५ ची एमजीबी मागे, असे सकाळी सहाला निघालो. त्याच्याकडे २४५ पीएस, माझ्याकडे ९५ बीएचपी. तो वर जाऊन थांबला, मी आचके खात पोचलो. तरी विनापॉवर स्टिअरिंगवर रस्त्यातला खडान्‌खडा हाताला कळतो, ते सुख त्याच्या गाडीत नाही.

वर इंजिन बंद पडलं, किल्ली चालूच राहिली. भाऊ म्हणाला, "दादा, मागे घड्याळासारखं काय वाजतंय?" टाकीतून पेट्रोल ओढणारा एसयूचा इलेक्ट्रिक पंप! फ्लोट चेंबर (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाट्या) भरले की तो गप्प बसायला हवा. हा थांबतच नव्हता, म्हणजे हवा ओढत होता. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतून पेट्रोलचा थेंबही गळत नव्हता, कारण ती सक्शनची बाजू, तिथे पेट्रोल बाहेर न येता हवा आत जाते. घरी नळी उभी चिरली, तर आतलं रबर फुगून चिकट झालेलं. सपाटीला पुरेल एवढं पेट्रोल येत होतं, चढावर फुल थ्रॉटलला कमी पडत होतं. इथेनॉलला चालते असं सांगून ही नळी नाना पेठेतल्या एका दुकानदाराने गेल्या वर्षी गळ्यात मारली होती. नळीवर एसएई जे३० आर९ (इंधनाच्या नळीचा दर्जा) छापलेलं नसेल तर घेऊ नका, कोणी काहीही सांगो.

नवी नळी बसली, पंप गप्प झाला! पण ई२० मुळे (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे) मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, ते वेगळंच. व्हीआरएसचा लॅम्डा सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंधन वाढवतो. आमच्याकडे स्पॅनर आणि कान. पुढच्या कार्बोरेटरचा जेट नट दोन फ्लॅट (नटाच्या सहा बाजूंपैकी दोन) खाली घेतला, मागच्याचा तीन, म्हणजे पेट्रोल वाढतं. कार्बोरेटरची लिफ्टिंग पिन (मिश्रण तपासायची) उचलली की आरपीएम किंचित वाढून स्थिरावतो. प्लग चहाच्या रंगाचे आलेत. दोन्ही खुणा मिश्रण बरोबर असल्याच्या. काल संध्याकाळी तिसऱ्या गिअरमध्ये, एकही आचका न देता, घाट चढली. वर पोचल्यावर दहा मिनिटं नुसता बोनेटपाशी उभा होतो.

इंजिन गार ठेवायला ठरवलेला इलेक्ट्रिक फॅनचा बेत रद्द. ते पैसे आता वाइडबँड लॅम्डा गेजला, म्हणजे चढावरचं मिश्रण आकड्यात दिसेल. अडचण एकच, माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक चॅसीला जोडलेलं) आणि गेज निगेटिव्ह अर्थचं. हे लिहिता लिहिता सुचलं: गेजला वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी दिली तर? गेजची बॉडी चॅसीपासून वेगळी ठेवावी लागेल. कोणी असं केलं असेल तर वायरिंगचा फोटो टाका, एक्झॉस्टला बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करायला रविवारी जातोय.