तुम्ही विचारलंत म्हणून: रॅम्पवरच्या माणसांची डोकी

मी विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, काम करतो. म्हणून गावी आलो की हाच प्रश्न. चोपड्याला लग्नाच्या पंगतीत, जळगाव स्टेशनबाहेर रिक्षाची वाट बघताना: "विमानाजवळ काम करणाऱ्यांची डोक्याची तपासणी होते का हो? व्हायला नको का?" 2018 मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या विमानतळावरून ग्राउंड स्टाफमधल्या एका तरुणानं रिकामं विमान उडवून नेलं, तेव्हापासून तर जास्तच.

पोलीस पडताळणी होते, बीसीएएसचा, म्हणजे विमान सुरक्षा खात्याचा, पास असतो, गेटवर सीआयएसएफ झडती घेते, दारूसाठी मशीनमध्ये फुंकायला लावतात. मन कसं आहे, हे यातलं काहीच विचारत नाही. सिॲटलच्या त्या मुलाकडेही पास होता, आणि टगनं, म्हणजे विमानं ओढायच्या ट्रॅक्टरनं, विमान हलवणं हेच त्याचं काम होतं. त्यानं कुलूप तोडलं नाही की कुंपण ओलांडलं नाही. टगनंच ते क्यू-400 विमान वळवून घेतलं, तासाभराहून जास्त वेळ उडवलं आणि केट्रॉन बेटावर आदळलं. त्यात तो एकटा गेला. एक मानसिक चाचणी असती तर थांबला असता, असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं. मीटिंगमध्ये तशी मागणी करणारा मीच होतो.

मग तो अमळनेरकडचा मुलगा आमच्या शिफ्टला आला. ठेकेदाराचा माणूस, पण टगवर हात इतका साफ की टग विमानाला जोडणारा दांडा, टो-बार, लावताना ओरडावं लागत नसे. त्या वर्षी त्याचे वडील गेले, कापसावरचं कर्ज अंगावर आलं, त्यात रात्रपाळ्या. एका पहाटे विमानाच्या चाकांना चोक, म्हणजे अडसर, लावून झाल्यावर तो माझ्याजवळ आला. "आप्पा, माले रातभर झोप येत नही. टगवर बसनू का हात कापतस."

मी त्याला लगेच टगवरून उतरवलं. आजही तेच करीन. पंखाखाली थरथरता हात मी ठेवणार नाही. त्याला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काही आठवडे विश्रांती लिहिली. ती चिठ्ठी ठेकेदारानं त्याच्याकडून मागून घेतली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गोपनीय आहे, पण तंबूतल्या टेबलावर ती चिठ्ठी चार जणांनी वाचली. पुढच्या रोस्टरवर त्याचं नाव नव्हतं. पास जमा करून घेतला. विश्रांतीचा पगार नाहीच. तो गावी परतला तोवर बातमी तिथं पोचली होती आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. आता सावद्याला केळीच्या गाड्या भरतो. झोप लागते म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला नाही.

त्यानंतर आमच्या शिफ्टमधल्या एकानंही मला झोपेबद्दल काही सांगितलं नाही. कुणाला त्रासच नव्हता, यावर माझा विश्वास नाही.

वैमानिकांची तर नियमित वैद्यकीय तपासणी होते. तरी 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकानं आजार कंपनीपासून लपवला आणि विमान आल्प्सवर नेऊन आपटलं. 150 जीव गेले. चौकशीच्या अहवालात लिहिलंय की परवाना आणि उत्पन्न जाण्याची भीती माणसाला गप्प ठेवते. मग हातावर पोट असलेला लोडर काय करेल?

म्हणून तपासणी नकोच म्हणता, असं मला ऐकवतात. तसं नाही. टगवरून उतरवण्याचा अधिकार हवाच. पण उतरवलेल्या माणसाचा पगार चालू राहिला पाहिजे, चिठ्ठी डॉक्टरपाशीच राहिली पाहिजे, आणि बरा झाल्यावर पास परत मिळाला पाहिजे. बरा झाला हे ठरवायचं कुणी? डॉक्टरनं, असं मी म्हणतो. डॉक्टर चुकला आणि विमानात तुमची मुलगी असली तर, असं तुम्ही विचारता. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

परवा आमच्या गल्लीतल्या एका पोराला रॅम्पवर नोकरी लागली. झोपेची गोळी घेतो, वैद्यकीय फॉर्मवर लिहू का, म्हणून विचारायला आला. लिही, म्हटलं. त्याची आई म्हणाली, "पास नाही मिळाला तर तुम्ही त्याला कामाला लावाल का, आप्पा?" मी नाही म्हणालो. फॉर्म सोमवारी द्यायचा आहे.