क्ले स्पंज, पॅड आणि टॉवेल: पावसाळ्याच्या तोंडावरची नोंद

मे संपत आलाय, वळवाच्या दोन-तीन सरी पडून गेल्यात, आणि पुढचे चार महिने पुण्यात ओली वस्तू लवकर वाळायची नाही. म्हणून या वेळी गाडीबद्दल कमी आणि डब्यांबद्दल जास्त लिहितोय. क्ले (धुऊनही पेंटला चिकटून राहणारे कण उचलणारी वडी, किंवा स्पंज-टॉवेलवरचा तसाच रबरी थर), म्हणजे क्ले स्पंज आणि क्ले टॉवेल, शिवाय पॉलिशिंग मशीनला लावायचे फोम पॅड आणि मायक्रोफायबरचे टॉवेल या सगळ्यांच्या धुण्याची आणि ठेवण्याची घडी आता बऱ्यापैकी बसली आहे.

गाडी तीच. गडद निळी नेक्सॉन, कोथरूडच्या सोसायटीत अर्ध्या सावलीत उभी असते. या रंगावर बारीकसा ओरखडाही संध्याकाळच्या तिरक्या उन्हात लगेच दिसतो. गेल्या वर्षभरात माझं एक मत पक्कं झालंय: हे बारीक गोल ओरखडे बहुतेक वेळा रस्त्यावर पडत नाहीत, आपल्याच हातून पडतात. मागच्या वेळची माती धरून बसलेला टॉवेल, सुकलेलं कंपाऊंड (ओरखडे घालवायची पेस्ट) पोटात असलेला पॅड, कण चिकटलेला स्पंज. महागडं पॉलिश आणून त्यावर असा टॉवेल फिरवला तर सगळी मेहनत पाण्यात.

आधी क्लेचं बघू. पारंपरिक क्ले बार जपानमधून आला. तादाओ कोदाते यांच्या नावावर १९९५ सालचं अमेरिकी पेटंट आहे, आणि त्यात ही वडी बारीक अपघर्षक कण मिसळलेलं, घासण्याचं साधन म्हणूनच मांडली आहे. क्ले हातात घेताना हे डोक्यात असलं की हात आपोआप हलका पडतो. वडीची सोय अशी की ती मळता येते. वरची घाण आत जाते आणि नवीन स्वच्छ बाजू वर येते. जमिनीवर पडली तर मात्र टाकून द्यायची, तिथे कंजुषी नको. स्पंजचं गणित वेगळं. फोमवर रबरासारख्या पॉलिमरचा एक पातळ थर असतो, त्याला मळणं वगैरे काही नाही. जे उचललं ते वरच राहतं आणि पुढच्या फटक्यात पेंटवर फिरतं. त्यामुळे स्पंज काम झाल्यावर धुवायची वस्तू नव्हे, काम चालू असतानाच धुवायची वस्तू आहे. जमिनीवर पडला तरी नीट धुऊन परत वापरता येतो, ही त्यातली जमेची बाजू.

माझी पद्धत आता ठरलेली आहे. दोन बादल्या. एकीत कोमट पाणी आणि पीएच न्यूट्रल शॅम्पू, दुसरीत साधं पाणी आणि तळाला ग्रिट गार्ड (माती खाली अडवून ठेवणारी जाळी). अर्धं बोनेट झालं की स्पंज साध्या पाण्यात बुडवायचा, त्याचा चेहरा, म्हणजे रबराची बाजू, अंगठ्याच्या मऊ भागाने पुसायचा, मग शॅम्पूच्या पाण्यात. नख नाही, ब्रश नाही. दर वेळी टॉर्चखाली स्पंज तिरका धरून बघतो. करड्या फिकट रेघा दिसल्या तर त्या पाण्याने निघतात. पण कधीकधी त्या रेघेच्या टोकाला मोहरीच्या दाण्याहूनही बारीक काळा ठिपका बसलेला असतो. बोट फिरवलं तर हलकासा टोचतो. तो निघेपर्यंत पुढचं पॅनेल सुरू करायचं नाही. निघालाच नाही तर स्पंजचा तेवढा कोपरा बाद समजायचा आणि स्पंज काचेच्या कामाला लावायचा.

नवा स्पंज थेट पेंटवर नको. कोमट साबणाच्या पाण्यात थोडा वेळ भिजवून आधी विंडशील्डवर फिरवला की वरचा चिकट थर जातो आणि स्पंज नीट घसरायला लागतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी रबर कडक होतं, तेव्हाही कोमट पाण्याची एक बुडी पुरते.

आपल्याकडे पेंटवर काय बसतं यावर स्पंजचं आयुष्य ठरतं. खडकी-दापोडीकडे रुळांलगत गाडी लावणाऱ्यांच्या पेंटवर लोखंडाची धूळ ठरलेली. भोसरी-चाकणकडे नोकरी असेल तर कंपनीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडिंगचे कण. शिवाय सगळ्यांनाच स्वतःच्या आणि पुढच्या गाडीच्या ब्रेकची धूळ, बांधकामांची माती आणि झाडाखालचा चिकट रस. हे सगळं क्लेने ओढून काढायचं नसतं. आधी धुणं, मग लोखंडाचे कण विरघळवणारा आयर्न रिमूव्हर. त्यातल्या थायोग्लायकोलेट या रसायनाची लोखंडाशी प्रक्रिया होऊन जांभळे ओघळ येतात. ते सुकू न देता भरपूर पाण्याने धुवायचे. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने वेगळे काढायचे आणि तोही पूर्ण धुऊन टाकायचा, कारण ते सॉल्व्हंट रबराचा चेहरा खातात. एवढं झालं की क्लेला फार थोडं काम उरतं. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पेंटवर बोटं फिरवा. उघड्या बोटांना गुळगुळीत वाटणारी जागाही पिशवीतून खरखरीत लागते. तेवढ्याच भागावर क्ले फिरवायचा, अख्खी गाडी दर वेळी घासायची गरज नाही.

आता ठेवण्याबद्दल. क्लेच्या रबराला दोन गोष्टींचा त्रास होतो: उष्णता, आणि दुसऱ्या एखाद्या पृष्ठभागाला टेकून राहणं. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या आत ५०-६० अंश सहज होतात. डिकीत ठेवलेला क्ले टॉवेल त्यात स्वतःलाच चिकटतो, आणि सोडवायला गेलं की रबराचे तुकडे सुटतात. म्हणून क्लेचं काहीही डिकीत नाही. घरात, भिंतीतल्या कपाटात, खालच्या खणात. धुतल्यावर स्पंजचा फोम कोरड्या टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं (पिळायचं नाही), मग रबराची बाजू वर करून सावलीत जाळीवर ठेवायचं. रबर लगेच कोरडं दिसतं. आतला फोम मात्र बराच वेळ ओला असतो, तिथेच फसगत होते. वरून कोरडा म्हणून डब्यात बंद केला की आठवड्यात कुबट वास.

डब्यात ठेवताना रबरावर प्लास्टिकची पातळ शीट हवी. बरोबर आलेली असेल तर ती जपा. नसेल तर कुठलंही प्लास्टिक चालेल असं मात्र नाही. मऊ पीव्हीसीमध्ये प्लास्टिसायझर असतो, तो हळूहळू बाहेर येऊन शेजारच्या रबरात मुरतो आणि रबर चिकट होतं. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीन घ्या. बोहरी आळीत डबे घ्यायला गेलो होतो, तिथे दुकानदार काकांना म्हटलं, "काका, पीपीचाच चपटा डबा हवाय." ते म्हणाले, "दादा, उलटा करून बघा ना, त्रिकोणात पाच असेल तर पीपी." बरोबर आहे: ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, २ आणि ४ पॉलिथिलीनचे दोन प्रकार, ३ म्हणजे पीव्हीसी. तेव्हापासून प्रत्येक डबा उलटा करूनच घेतो. क्ले टॉवेल घडी न घालता आडवा ठेवतो. जागाच नसेल तर रबर बाहेरच्या बाजूला ठेवून सैल गुंडाळी, आणि वर शीट. तो वॉशिंग मशीनमध्ये कधीच घालायचा नाही.

टॉवेलमध्ये या वर्षी खरा फरक पडला तो वेगवेगळे ठेवण्याने. चार डबे केलेत: पेंट, काच, आतलं केबिन, आणि चाकं-दारांच्या फटी. टॉवेल खालच्या डब्यात उतरू शकतो, वर चढू शकत नाही. पेंटवरचा टॉवेल जुना झाला की फटींसाठी जातो, चाकाला लागलेला टॉवेल कितीही स्वच्छ दिसला तरी पेंटकडे येत नाही. सिरॅमिक कोटिंग पुसलेला टॉवेल तर धुण्यातही घ्यायचा नाही. कोटिंग धाग्यांत सुकून कडक होतं आणि पुढच्या वेळी तेच पेंटवर घासलं जातं. काम संपलं की सरळ कचऱ्यात.

धुताना सुती कपड्यांबरोबर नाही, मायक्रोफायबर त्यांची सगळी लव धरून ठेवतो. पाणी ४० अंशांपर्यंत, लिक्विड डिटर्जंट थोडं, ब्लीच नाही, सॉफ्टनर अजिबात नाही. सॉफ्टनरचा थर धाग्यांवर बसला की टॉवेल पाणी शोषायचं सोडून ढकलत बसतो. ज्यांच्याकडे घरच्याच मशीनमध्ये टॉवेल धुतात त्यांनी एक गोष्ट बघा: सॉफ्टनरच्या खाचेत आदल्या धुण्याचा उरलेला थेंब असतोच. आमच्याकडे आई कपड्यांना सॉफ्टनर घालते, म्हणून टॉवेल टाकण्याआधी तो ड्रॉवर काढून नळाखाली धुतो आणि मशीनला एक रिकामं रिन्स देतो. टॉवेल शंकास्पद वाटला तर जुन्या सीडीच्या मागच्या बाजूवर दाबून फिरवतो आणि टॉर्च मारतो. रेघा उठल्या की त्याची रवानगी फटींच्या डब्यात. लेबलं आणि त्यांच्या शिलाईचा दोरा पहिल्याच दिवशी उसवून टाका.

पाण्याचा मुद्दा पुण्यात महत्त्वाचा आहे. खडकवासल्याचं धरणाचं पाणी सौम्य. पण उन्हाळ्यात टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलं की आपल्या बेसॉल्टमधले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार त्याच्याबरोबर येतात. टॉवेल वाळल्यावर खडखडीत लागला तर दोष डिटर्जंटचा असेलच असं नाही, पाणी तपासा. बोअरच्या आठवड्यात मी शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालतो, क्षार सुटतात आणि टॉवेल परत मऊ होतो. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो.

पॅडचं थोडक्यात. पॉलिशिंग चालू असताना प्रत्येक पॅनेलनंतर ब्रशने साफ, आणि बोनेट संपलं की पॅड बदल. काम झाल्यावर तासाभरात धुवायचाच, कारण कंपाऊंड छिद्रांत वाळून बसलं की नंतर भिजवूनही पूर्ण निघत नाही. कोमट पाणी, थोडं पातळ केलेलं एपीसी (ऑल पर्पज क्लीनर), दोन तळव्यांमध्ये दाबायचं, पाणी नितळ येईपर्यंत. रात्रभर भिजत ठेवू नका, वेल्क्रोचा गोंद सुटतो. वाळवताना वेल्क्रो वर, फोम खाली, म्हणजे पाणी गोंदापासून लांब उतरतं. उन्हात नाही, ड्रायरने नाही. वर वजन ठेवून साठवलं तर फोम कायमचा एका बाजूला बसतो, आणि डीए (ड्युअल ॲक्शन) पॉलिशिंग मशीनवर लावला की हलायला लागतो.

पावसाळ्याची व्यवस्था अशी केली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, त्यामुळे बाल्कनीतली दोरी बंद. टॉवेल जाळीच्या पिशवीत घालून मशीनमध्ये दुसऱ्यांदा फिरवून घ्यायचे आणि आतल्या खोलीत पंख्याखाली, एकावर एक न येऊ देता टांगायचे. एका वेळी जेवढे टांगता येतील तेवढेच धुवायचे. पॅड जाळीवर, तेही पंख्याखाली. डबा बंद करण्याआधी पॅडचा फोम कोरड्या टिश्यूवर दाबून बघतो, ओल उमटली तर अजून एक दिवस बाहेर. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आहेत, रंग बदलणारे दाणे घेतलेत म्हणजे कधी बदलायचे ते कळतं. डांबरगोळ्या नकोत. नॅफ्थलीनची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, आणि वास टॉवेलमध्ये मुरतो तो वेगळाच.

पावसात क्ले फारसा बाहेर काढणार नाही. गाडी जवळजवळ रोजच चिखलाने माखते, तेव्हा नुसतं धुणं आणि टॉवेलने टिपून घेणं पुरे. जुना मीडियम (मध्यम खरखरीचा) क्ले स्पंज विंडशील्डवरचा तेलकट थर काढायला ठेवलाय, वायपर त्यानंतर आवाज न करता फिरतात. फाइन (सौम्य) स्पंज दसऱ्याआधीच्या धुलाईसाठी शीट लावून आडवा ठेवून दिलाय. पुढच्या नोंदीत लोकरीच्या पॅडबद्दल लिहीन. ज्यांनी पावसाळ्यात लोकर वाळवून ठेवली आहे त्यांनी आपली पद्धत जरूर सांगा, विशेषतः मुळाशी राहणारी ओल कशी काढता ते.