चौसष्टावा नंबर

शनिवार, रात्री पावणेबारा

न्यू जर्सीत लेकीच्या घराजवळ जुन्या रेकॉर्डांचं एक दुकान आहे. आज तिथल्या खोक्यात हात घातला आणि दोन डॉलरला एक छोटी तबकडी घेऊन आलो. 'द ट्रॅम्प्स', 'झिंग! वेन्ट द स्ट्रिंग्ज ऑफ माय हार्ट', १९७२. गटाच्या नावात एक 'एम' जास्तीचा, आणि कंपनी 'बुद्धा', तिच्या स्पेलिंगमधला 'एच' भलत्याच जागी. आमच्या देशपांडे बाईंनी दोघांचेही गुण कापले असते.

घरी आल्यावर कळलं की तबकडीचं मधलं भोक रुपयाच्या नाण्याहून मोठं, आणि जावयाच्या प्लेअरला त्यात बसवायची चकती नाही. शेवटी चहाच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला. मध्य केसभर चुकला, त्यामुळे सूर हेलकावे खातोय. खाऊ दे.

गाणं मूळ १९३४ चं, जेम्स हॅनली यांनी ब्रॉडवेसाठी केलेलं. पुढे जूडी गार्लंड गायली, १९५८ मध्ये कोस्टर्स या गटाने 'याकेटी याक'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला घातलं. मग हे फिलाडेल्फियाचे ट्रॅम्प्स. यांच्यात खर्जातला आवाज अर्ल यंगचा, आणि ड्रमवरही तोच. असा खर्ज की स्पीकरला बोट लावलं तर बोटाला कळतो. त्यांचा मुख्य गायक जिमी एलिस, त्याचा चढा आवाज मला एरवी जास्त आवडतो, पण आज कान खालीच राहिले.

अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत हे गाणं ६४ पर्यंत पोचलं आणि थांबलं. त्यांचं 'डिस्को इन्फर्नो'सुद्धा १९७७ मध्ये ५३ वरच अडकलं होतं. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' या सिनेमात वाजलं म्हणून पुढच्या वर्षी ११ वर गेलं. यादी कधी कधी उशिरा ऐकते.

मला मात्र अर्ल यंगचा पाय सुटत नाही. १९७३ मध्ये हॅरॉल्ड मेल्विनच्या गटाबरोबर 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये त्याने बास ड्रमवर चारही मात्रा सारख्या ठोकल्या आणि मधल्या जागी हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, उघडून तो 'त्स्स' भरला. सगळा डिस्को त्यावर नाचला. मी लहानपणी दोन वर्षं तबला शिकलो, फारसा जमला नाही. पण सम-खालीची, म्हणजे तालाची पहिली जोरकस मात्रा आणि मधली रिकामी मात्रा ओळखायची, सवय लागली ती लागलीच. इथे खाली नाहीच, प्रत्येक मात्रा सम. गुरुजींनी ऐकलं असतं तर पानाची पिंक टाकून "मग यायचं कुठे रे?" एवढंच विचारलं असतं.

तिसऱ्यांदा लावली तेव्हा वरून लेक म्हणाली, "बाबा, झोपा आता." आमच्या हिने हॉलमधला दिवाही मालवला. पुठ्ठ्याची चकती कचऱ्यात जाऊ नये म्हणून तिच्यावर पेनाने 'टाकू नये' लिहून ठेवलंय. मागची बाजू ऐकायची राहिलीच.