साठ होऊ दे, मग सांगते

यंदाही एप्रिल लागला आणि भाच्याचा मेसेज आलाच. सकाळचे सव्वासात वाजले होते. द्राक्षबागेत खरड छाटणी चालू होती, बायका पहिल्या ओळीत शिरल्या होत्या, माझ्या हातात कात्री. "मावशी, हा टिकेल का?" आणि खाली कुणा नवख्या बॅटरचा व्हिडिओ.

भाचा नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीत आहे. बेसबॉलचं वेड आमच्या दोघांच्या घरांत मिळून फक्त त्याला आणि मला. अमेरिकेत संध्याकाळी सातला सामना सुरू झाला, की पूर्वेकडच्या शहरातला आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो आणि पश्चिमेकडचा सकाळी साडेसातला. द्राक्षवाल्याला दोन्ही वेळा सोयीच्या. मार्चअखेर हंगाम उघडतो आणि दर एप्रिलला तिथे एखादा असा पोरगा उगवतो, ज्याचं नाव महिन्याभरापूर्वी त्याच्या संघाच्या शहरातसुद्धा फारसं कुणी ऐकलेलं नसतं. पहिल्या दहा-बारा सामन्यांत तो चेंडू नुसता फोडून काढतो. मग सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. टिकेल का?

या प्रश्नाचा मला कंटाळा येत नाही. एका एप्रिलमध्ये मी त्याला धरून दिवस काढले आहेत.

ते साल २०२१. दुसरी लाट. मी पॉझिटिव्ह आले आणि दिंडोरीकडच्या मळ्यातल्या घरात माडीवर चौदा दिवस एकटी होते. हे जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायचे, हाक मारायचे आणि खाली उतरायचे. दर दोन तासांनी बोटाला ऑक्सिमीटर. गावातल्या कुणाची ना कुणाची बातमी रोज यायची, त्यामुळे फोन हातात घ्यायची धास्ती बसली होती. भाचा तेव्हा अकरावीत, कॉलेज बंद. त्याने मला सामन्यांच्या स्कोअरचं पान पाठवलं आणि म्हणाला, "मावशी, फक्त हेच बघ. बाकी काही उघडू नकोस."

आपल्याकडची ३ एप्रिलची सकाळ. ॲनाहाइमला सामना होता आणि शिकागो व्हाइट सॉक्सकडून यर्मिन मर्सिडीज नावाचा एक दणकट माणूस खेळत होता. डॉमिनिकन रिपब्लिकचा, वय २८. बेसबॉलमध्ये २८ म्हणजे नवख्याचं वय नव्हे. वॉशिंग्टनच्या क्लबने त्याला २०११ मध्ये घेतलं होतं आणि काही वर्षांत सोडूनही दिलं. मग तो कुठल्याच मोठ्या संघाशी न जोडलेल्या छोट्या लीगमध्ये खेळला, मग बाल्टिमोरच्या खालच्या संघांमध्ये, मग शिकागोच्या. २०२० मध्ये एकदा वर बोलावलं, बॅट हातात मिळाली ती एकदाच, आणि त्यात तो बाद. त्या सकाळी तो पाच वेळा बॅटिंगला आला आणि पाचही वेळा हिट, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठला. दुसऱ्या दिवशी पहिल्या तिन्ही वेळा हिट. आठपैकी आठ. १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये हंगामाची अशी सुरुवात कुणीच केली नव्हती.

क्रिकेट बघणाऱ्यांसाठी सांगते, दहा संधींत तीन हिट मिळवणारा तिकडे उत्तम बॅटर समजतात. ती सरासरी लिहितात .३०० आणि बोलताना म्हणतात तीनशे. मर्सिडीज त्या आठ संधींत हजारावर होता. माझा ऑक्सिजन ९३ आणि मी पलंगावर बसून टाळ्या वाजवत होते. काय झालं म्हणून हे घाबरून अर्ध्या जिन्यापर्यंत आले.

८ एप्रिलला त्याने ४८५ फुटांचा होमरन मारला, म्हणजे आपल्या षटकारासारखा चेंडू थेट मैदानाबाहेर. एप्रिल संपला तेव्हा त्याची सरासरी .४१५ होती आणि अमेरिकन लीगमधला, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एकातला, महिन्याचा सर्वोत्तम नवखा खेळाडू तोच ठरला. भाच्याने विचारलं, टिकेल का? मी म्हटलं, टिकणार. दहा वर्षं ज्याला कुणी विचारलं नाही, त्याचं चांगलं व्हायलाच हवं, असं मला वाटत होतं. मी तेव्हा बरी होत होते. सगळ्यांचंच चांगलं व्हावं असं वाटण्याचे दिवस होते ते.

१७ मे रोजी शिकागो १५-४ ने पुढे होतं. सामना गेलेलाच, म्हणून मिनेसोटाने खरा पिचर न वापरता एका साध्या खेळाडूला चेंडू टाकायला उभं केलं. ताशी ४७ मैलांचा, म्हणजे ७५-७६ किलोमीटरचा हळू चेंडू. मर्सिडीजने तो बाहेर फेकला. हरलेल्या संघाला असं मारायचं नाही, हा बेसबॉलचा अलिखित संकेत. त्याच्याच संघाचे मॅनेजर टोनी ला रूसा जाहीरपणे म्हणाले की त्याने चूक केली. मला त्याचा आजही राग येतो. आपल्या खेळाडूला चार शब्द ऐकवायचे तर ड्रेसिंग रूममध्ये ऐकवावेत, कॅमेऱ्यांसमोर नव्हे.

२ जुलैला त्याला खालच्या संघात, शार्लटला धाडलं. त्याच महिन्यात त्याने इन्स्टाग्रामवर 'आता संपलं' असं लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. त्या हंगामात वरच्या संघाकडून ६८ सामने, .२७१, होमरन ७. पुढच्या वर्षी काही सामने सॅन फ्रान्सिस्कोकडून.

त्या बोलण्याने तो खचला, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मन मोडलं नसेल असं मीही म्हणणार नाही. पण ते मूळ कारण मला पटत नाही. १७ मेच्या सुमारास त्याची सरासरी .४१५ वरून .३६० च्या आसपास आली होती. उतार आधीच लागला होता.

तो उतार कसा लागतो, ते मला माझ्या अंगावरून माहीत आहे. शाळेत मी सॉफ्टबॉल खेळायचे, कॅचर होते. आठवीत आमचा संघ विभागीय शालेय स्पर्धेला गेला. एसटीने, पत्र्याच्या ट्रंका टपावर. पहिल्या दोन सामन्यांत मी मारलेला प्रत्येक चेंडू मोकळ्या जागेत पडला. मुली मला खांद्यावर घेऊन नाचल्या. तिसऱ्या सामन्याला समोरच्या संघाची पिचर आदल्या दिवशी आमच्याच सामन्याला कडेला बसून होती. तिने मला बाहेरच्या बाजूला, गुडघ्याखाली पडणारे चेंडू टाकले. एकामागून एक, फक्त तेच. तो चेंडू सोडायचा असतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मला सोडवत नव्हता. त्या दिवशी मी तीनदा बॅट फिरवून चुकले आणि त्यानंतर त्या स्पर्धेत मला एकही हिट मिळाली नाही. रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडल्या पडल्या मी एवढाच विचार करत होते, की काल मी तीच होते ना?

मी तीच होते. काल ती पिचर कडेला बसली होती, एवढाच फरक. मोठ्या लीगमध्ये तशा पिचरच्या मागे कॅमेरे आणि विश्लेषकांची फौज असते. नवखा आला की त्याचा दुबळा कोपरा हुडकायला त्यांना काही आठवडे पुरतात.

आणि नशीब. हे आपल्याला कबूल करायला जड जातं, पण आकडे मांडून बघा. ज्याची खरी लायकी .२५० आहे, असा बॅटर ९० संधींत, म्हणजे साधारण एका महिन्यात, केवळ योगायोगाने .३४० च्या वर जाण्याची शक्यता चाळीसात एकाच्या आसपास निघते. मोठ्या लीगमध्ये ३० संघ. प्रत्येकाचे दहा बॅटर धरले तरी तीनशे झाले. म्हणजे काहीही विशेष न घडता दर एप्रिलला सात-आठ जण नुसत्या योगायोगाने चमकू शकतात. आपण बघतो त्यांच्याकडेच. जे त्याच योगायोगाने .१६० वर पडलेत त्यांचा व्हिडिओ कुणी कुणाला पाठवत नाही.

मर्सिडीजचं .४१५ एवढ्यावर भागत नाही. तो नुसता नशीबवान नव्हता, चेंडू खरोखर जोरात मारत होता. पण त्यात नशिबाचा वाटा किती, हे मला सरासरी बघून कळणार नव्हतं आणि मी बघत होते सरासरीच.

ते कशात बघायचं, हे मला आमच्या बागेने शिकवलं.

द्राक्षात वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. घड दिसतात ते गोडी छाटणीनंतर. पण घड बसतो तो खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, काडीच्या डोळ्याच्या, म्हणजे अंकुराच्या आत, जिथे आपली नजर पोहोचत नाही. त्या दिवसांत आभाळ झाकलेलं राहिलं, किंवा नत्र जास्त होऊन बाग नुसती वाढीला लागली, तर काडी दिसायला जोमदार, पान हिरवंगार आणि डोळा पोकळ. ऑक्टोबरात तिथून घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणाव निघतो. म्हणून गोडी छाटणीआधी आम्ही काड्या तोडून पिंपळगावला तपासणीला नेतो. तिथली मुलगी डोळा ब्लेडने कापते, सूक्ष्मदर्शकाखाली धरते आणि सांगते, घड कितव्या डोळ्यात आहे आणि कुठे कापायचं. एका सप्टेंबरमध्ये भाचा बरोबर होता. त्यानेही डोळा लावून बघितलं. परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, बॅटरचा डोळा कुठे असतो?"

आम्ही ते शोधत बसलो. उत्तर अभ्यासकांनी आधीच काढून ठेवलेलं होतं. बॅटरचं प्रत्येक माप विश्वास ठेवण्याजोगं व्हायला वेगवेगळा काळ लागतो. तो किती वेळा स्ट्राइकआउट होतो, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होतो, हे साधारण ६० वेळा बॅटिंगला आल्यावर बऱ्यापैकी खरं बोलू लागतं. चार वाइड चेंडू सोडून वॉक किती मिळवतो, हे १२० च्या सुमाराला. पण मैदानात मारलेले चेंडू मोकळ्या जागेत किती पडतात, त्यातलं निम्मंतरी कौशल्य आहे असं म्हणायला तसे ८०० च्या आसपास चेंडू लागतात. पूर्ण खेळणाऱ्याचे जवळजवळ दोन हंगाम! आणि एप्रिलचे मथळे असतात नेमके त्या शेवटच्या आकड्यावर.

२०२२ च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलंडचा स्टीव्हन क्वान आला. उंची पाच फूट नऊ, संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात पाचव्या फेरीत निवडलेला, गाजावाजा काही नाही. पहिल्या चार सामन्यांत तो १५ वेळा बेसवर पोहोचला, तिसऱ्या सामन्यात पाचपैकी पाच. भाच्याचा मेसेज आलाच. या वेळी मी हिट मोजल्याच नाहीत. क्वानला पडलेल्या पहिल्या ११६ चेंडूंत तो एकदाही बॅट फिरवून चुकला नव्हता. कुठला सोडायचा हे त्याला कळत होतं आणि ज्याच्यावर बॅट फिरवायची तो बॅटला लागत होता. त्या पिचरने मला टाकलेला गुडघ्याखालचा चेंडू याने सोडला असता. मी लिहिलं, हा टिकेल.

मे महिन्यात त्याचे हिट आटले. भाचा बेचैन झाला. मी म्हटलं, तो चुकतोय का? नव्हता चुकत. चेंडू फक्त हातात जात होते. वर्षाच्या शेवटी .२९८, स्ट्राइकआउट ६० आणि वॉक ६२. ही जोडी बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा मर्सिडीजच्या ४८५ फुटांनीही झाला नव्हता. क्वान पुढे ऑल-स्टारही झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तम खेळाडूंत आला.

नाव न गाजलेला म्हणून वाईट, असंही नाही. अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये ४०२ वा निवडला गेला, पहिल्याच वर्षी .३२९ आणि ३७ होमरन, आणि कारकीर्द संपवली ती ७०३ होमरनवर. पण तो तेव्हा २१ वर्षांचा होता. २१ व्या वर्षी अनोळखी असणं आणि २८ व्या वर्षी अनोळखी असणं यात सात वर्षांच्या नजरांचा फरक आहे. सात वर्षं बघणारे सगळेच आंधळे नसतात. दुसरीकडे सिनसिनाटीचा अरिस्टिडीस अकिनो. २०१९ च्या एका ऑगस्टमध्ये १४ होमरन मारले त्याने, पुढच्या वर्षी सरासरी .१७०, आणि काही वर्षांत जपानची वाट. आपल्याकडे २०११ ची आयपीएल आठवा, पॉल वल्थाटीच्या मोहालीतल्या नाबाद १२० धावा. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत फटाके वाजले होते.

यंदाच्या पोराचं नाव मी इथे लिहीत नाही. भाच्याला लिहिलं, "साठ होऊ दे, मग सांगते. तोवर किती वेळा फिरवून चुकतो तेवढं मोज." त्याने अंगठा पाठवला. मी फोन ओट्यावर ठेवला आणि दुसऱ्या ओळीला लागले.

मर्सिडीजच्या त्या पाचव्या हिटचा व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीत फोनमधली जागा संपली तेव्हा लग्नांचे, बारशांचे पुष्कळ व्हिडिओ काढून टाकले. तो ठेवला.