नातेवाइकांना काय सांगायचं

आमच्या घरी 'सांगण्याचा' प्रसंग कधी झालाच नाही. हिंदी सिनेमात तो हमखास असतो. मुलगा आईबापांसमोर उभा राहतो, आवंढा गिळतो, आपल्याला पुरुष आवडतात हे बोलून टाकतो. मग बाप दार आपटून निघून जातो आणि आई पदराने डोळे पुसत बसते. 'शुभ मंगल ज्यादा सावधान'मध्ये (२०२०) बाप पोराला आणि त्याच्या मित्राला रेल्वेतच बघतो, आणि पुढचा सगळा गोंधळ त्या बघण्यावर चालतो. 'बधाई दो'मध्ये (२०२२) पोलिसात असलेला नायक आणि पीटीची बाई घरच्यांचं तोंड बंद करायला एकमेकांशी लग्न करतात, पण शेवटी त्यांनाही सांगावंच लागतं. दोन्ही सिनेमे मला आवडले. हसलो, रडलो, पैसे वसूल. पण नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत असं काही घडेल हे मला कधी पटलं नाही.

आमच्याकडे काय झालं? आईने मुलींचे फोटो दाखवणं बंद केलं. कधी, ते आठवत नाही. रविवारी माझा तो जेवायला येतो तेव्हा ती न विचारता तिसरं ताट घेते आणि त्याला तिखट चालत नाही म्हणून रस्सा वेगळा काढते. झालं सांगून. असल्या घरावर सिनेमा काढायला कुणी धजत नाही, कारण त्यात आरडाओरडा कुठे घालायचा?

आणि ज्यांनी स्वतःहून काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्या घरात कॅमेरे घुसले. प्राध्यापक रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे, मराठीचे कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोन माणसं कॅमेरा घेऊन थेट त्यांच्या खोलीत शिरली आणि जे कुणीही बघू नये ते चित्रित केलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने निलंबित कुणाला केलं, तर सिरस सरांना. निवृत्तीला काही महिने उरले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवड्याभरात ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. पुढे २०१६ मध्ये हंसल मेहतांनी 'अलीगढ' काढला. त्यात मनोज वाजपेयी एकटाच बसून लताबाईंचं गाणं ऐकतो, पेला हातात, डोळे मिटलेले. तो प्रसंग मी किती वेळा बघितलाय विचारू नका. एक मराठीचा मास्तर आपल्या घरात, आपल्या वेळेत, कुणाला काही सांगायला बांधील नसलेला. त्यांना हवं होतं ते एवढंच.

मी स्वतः वर्तमानपत्रात होतो. पत्रकार म्हणून नव्हे, पान लावायला. संध्याकाळी सातला जायचं, रात्री दीडला पानं सोडायची आणि सुनसान मुंबई नाक्यावरून गाडी काढत घरी यायचं. पेपरचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून भेटली की चहा पाजतात.

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा मानेवर बसलं. बातमी पहिल्या पानावर होती, फोटो नव्हता. डेस्कवरून आला तो सप्तशृंगी गडावरचा. कोजागरीला गडावर तृतीयपंथी मोठ्या संख्येने येतात, त्यातलाच जुना फोटो: भरजरी साड्या, कपाळभर कुंकू, हातात परडी. मी म्हटलं, "साहेब, या बायका देवीला आल्यात, त्यांचा कोर्टाशी काय संबंध?" कलम त्यांच्याही मुळावर होतंच, ते खरं. पण त्या फोटोतल्या कुणाला कुणी विचारलं होतं? साहेब म्हणाले, "अरे, वाचकाला पटकन कळायला पाहिजे ना." फोटो तीन कॉलमात लागला.

६ सप्टेंबर २०१८ ला निकाल उलटा आला तेव्हा फोटोंची चंगळ होती. इंद्रधनुषी झेंडे, रंगवलेले गाल, सगळे मुंबई-बंगळूरचे, एजन्सीचे. मग 'स्थानिक प्रतिक्रिया' हवी म्हणून एका वार्ताहराने हॉलमध्ये उभं राहून विचारलं, "कुणाच्या ओळखीत आहे का रे असं कुणी?" मी मथळ्याचा पॉइंट कमी करत होतो, दोन ओळींत बसत नव्हता. शेवटी एक वकील आणि एक मानसोपचारतज्ज्ञ मिळाले. नाशिकची प्रतिक्रिया म्हणून त्या दोघांची चौकट छापून आली. ती मीच लावली, छान दिसत होती.

(जाता जाता: आपलं शहर फाळक्यांचं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके नावाचे पुरुष, आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. लोकांनी भक्तिभावाने बघितलं. आज पुरुष साडीत आला की स्किट सुरू. मीही हसतो, नट चांगला असला तर हसूच येतं. चीड येते ती ब्युटी पार्लरमधला, मनगट मोडून बोलणारा पोरगा मालिकेत फक्त नायिकेच्या केसांपुरता येतो तेव्हा. आणि पोरींना तर तेवढंही नाही. 'उंबरठा'मध्ये १९८२ सालीच महिलाश्रमातल्या दोघी एकमेकींत गुंतलेल्या दाखवल्या होत्या. आमच्या संध्याकाळच्या मालिकांत मला तशा दोघी अजून भेटलेल्या नाहीत.)

तर 'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांचा हा मराठी सिनेमा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला जागतिक विभागातलं ज्युरींचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. मी आणि आई तेव्हा ठाण्याला मावशीकडे होतो. मावशी म्हणाली, मीपण येते. नको कसं म्हणणार?

आनंद मुंबईचा. बाप गेला म्हणून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथे लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. सुतकातले नियम, ओसरीवरचे काका, 'आता लग्नाचं बघा' हे पालुपद, सगळं आमच्याकडचं. पप्पांची दशक्रिया रामकुंडावर झाली तेव्हा पिंडाला कावळा शिवायच्या आत एका आत्याने माझ्यासाठी स्थळ काढलं होतं. पण मी खुर्चीत सरळ झालो तो दुसऱ्याच गोष्टीला. या सिनेमात सांगण्याचा प्रसंगच नाही! आईला ठाऊक आहे, बापालाही होतं. प्रश्न इतकाच की नातेवाइकांना काय सांगायचं. ते मायलेक मिळून ठरवतात: एका मुलीने याला फसवलं, म्हणून हा आता लग्न करत नाही.

आमच्या आईने सांगितलं होतं की मला साखर आहे. "कुणाच्या मुलीचं वाटोळं कशाला करायचं?" असं म्हणून ती उसासाही टाकते. ही थाप इतकी चालली की निफाडच्या लग्नात मामा माझ्या पानातली जिलेबी स्वतः उचलतो आणि डॉक्टर कोण म्हणून चौकशी करतो. मग मी परत येताना बुधा हलवायाची पाव किलो जिलेबी घेतो आणि दोघं मिळून गच्चीवर संपवतो.

सिनेमा सुटला. रिक्षात आई म्हणाली, "त्या बाईचं चुकलं. एकीने फसवलं म्हटल्यावर लोक दुसरी आणणारच. त्यापेक्षा साखर बरी." मी तिला कोपराने ढोसलं, कारण पलीकडे मावशी बसली होती आणि साखरेची बातमी पहिल्यांदा तिलाच दिलेली होती.

मावशी स्टेशनापर्यंत काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने बासुंदीची वाटी माझ्यापुढे आदळली.

"खा. आणि नलू, तुझ्या भावाला हे मी सांगणार नाही. पण त्याने विचारलंच तर साखर किती सांगू? आपला दोघींचा एकच आकडा हवा."

"उपाशीपोटी एकशे साठ," आई म्हणाली.